मधमाशीची खूण

आमच्या मठात पावाची खूण अशी:
दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या जुळवून केलेलं वर्तुळ.
दूध म्हणजे करंगळी ओढायची, आचळ ओढावं तशी.
मधमाशीला बोटं नुसती थरथरवायची,
छातीपाशी, हलकेच.
'मी'ला खूण आहे. 'तू'ला आहे.
'मला तुझी आठवण आली' याला नाही;
ती ज्याची त्याने जुळवायची.

हे मला ब्रदर गोंदुल्फने शिकवलं,
आजाऱ्यांच्या खोलीत, चादरींच्या घड्या घालता घालता.
मी कांगोतल्या किक्वितहून आलेलो.
फ्रेंच माझी तिसरी भाषा, ही चौथी.
आता ती येणारे तिघेच: गोंदुल्फ, मी,
आणि खिडकीजवळ, जिथून आर्देनचं धुकं आत येतं,
त्या खाटेवर ब्रदर रेमाक्ल,
ज्याचे हात चार वर्षांत थांबलेले नाहीत.

दोघं एकाच हिवाळ्यात इथे आले, मिसरूडही न फुटलेले.
अकरा वर्षं गोठ्यात शेजारी शेजारी.
एकमेकांचा आवाज ऐकला तो फक्त स्तोत्रांत,
चाळीस आवाजांत विरघळलेला.
तेवढ्या खुणांत त्यांनी सगळं भागवलं:
वासराचा जन्म, आईचं पत्र, न येणारी झोप,
मठाधिपतींच्या घोरण्यावरचा एक विनोद
जो गोंदुल्फ अजून करून दाखवतो.

मग वरून कागद आला: यापुढे बोलायला हरकत नाही.
त्या दुपारी रेमाक्ल गोठ्यात म्हणाला,
"लाल गाय आज खात नाहीये."
गोंदुल्फ सांगतो (हे मात्र तोंडाने सांगतो):
इतका किनरा आवाज! वर फ्लेमिश हेल.
"अकरा वर्षं मी ज्याच्याशी बोलत होतो
तो कुणी दुसराच होता."
त्याने उत्तर दिलं नाही.
लाल गाय त्या रात्री मेली.

पुढची सात वर्षं
मठात येणारे पाहुणे दोघांकडे बघून म्हणायचे, केवढं हे मौन!
मौन कसलं. अबोला होता,
घराघरांत असतो तसला, भांडी आपटणारा.
आमच्याकडे भांडी आपटायची बंदी, एवढाच फरक.

सुटला कसा, विचारलं तर गोंदुल्फ खांदे उडवतो.
मधाच्या पेट्यांवर काम लागलं म्हणे दोघांना.
तोंडावर जाळी, हातांत जाड मोजे.
रेमाक्लने उजवा मोजा काढला
आणि छातीपाशी बोटं थरथरवली.
इतकंच.
"मधमाशी?" मी विचारतो.
"अरे, समोर लाखभर माश्या घोंगावत होत्या.
ते मला सांगायची काय गरज होती त्याला?"

आता दुपारी मी रेमाक्लला सूप भरवतो.
एक हात धरावा, तर दुसरा सांडतो.
डॉक्टर त्याला कंप म्हणतात, गोळ्या वाढवतात.
गोंदुल्फ खुर्ची ओढून बसतो आणि वाचतो.
"आज काय म्हणतोय?"
"मधमाशी."
"आणि काल?"
"मधमाशी, मधमाशी. मध्येच एकदा लाल गाय."
मला ठाऊक आहे, तो बनवतोय.
मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

गोळी लागू पडते तेव्हा अर्धा तास हात निवतात,
पांघरुणावर पडून राहतात
कुणीतरी विसरून गेलेल्या मोज्यांसारखे.
मला हायसं वाटतं. सूप एकदाचं गळ्याखाली उतरतं.
गोंदुल्फ मात्र चुळबुळतो,
चष्मा पुसतो, घड्याळ बघतो,
शेवटी खाटेवर वाकून त्या गप्प झालेल्या हातांना
हळूच, तोंडाने विचारतो:
"रागावलास का?"