बिछायत

एप्रिलचा तिसरा आठवडा, बाहेर पंचेचाळीस,
आणि माइकवरून हुकूम: कूलर बंद करा.
बापा, लग्नात असं कोणी बोललं असतं
तर वरात इतवारीतूनच माघारी फिरली असती.

पण इथं उडणारं पाखरू तेहेतीस ग्रॅमचं.
तर्री-पोह्यातले चणे वेचून तोलले
तर साधारण तेवढं.
कूलरच्या झोतानं ते सरळ भिंतीवर जाते.
म्हणून दोनशे माणसं, त्यात टायवाले प्रोफेसर,
चार-चार मिनिटं घामात निथळत
एका मच्छरासारख्या आवाजाकडे कान लावून.

माझ्या वहीत नोंद अशी:
खुर्च्या तीनशे, कूलर आठ,
जाळी, गोरेवाड्याच्या ढिवरांकडून उसनी,
अजून तिला थोडा मासोळीचा वास.
कॉलेजचा बॅडमिंटन हॉल, दोन दिवस.
सकाळी भाषणं, दुपारी उड्डाणं.

भाषणातलं मला एवढंच समजलं
की छपराखाली उपग्रह दिसत नाही,
तेव्हा ज्याचं त्यानं ओळखायचं आपण कुठं आहो.
झिरो माइलच्या गावात
हे कोणाला सांगावं!

उड्डाणाआधी रिमोट टेबलावर उलटा ठेवायचा.
मग पोरं हात मागे बांधून उभी,
शिक्षा झाल्यासारखी,
आणि त्यांचं यंत्र एकटंच दारं शोधत जाते.

इंदोऱ्याची संघमित्रा गजभिये
आणि तिचा जोडीदार, मोमिनपुऱ्याचा फैजान.
त्यांचं यंत्र उठलं, छातीएवढं वर आलं,
थांबलं असं त्याला वाटलं,
आणि तसंच थांबल्या-थांबल्या
हळूहळू डावीकडे सरकत
जाळीत जाऊन अडकलं.
दोनदा. तिसऱ्यांदाही.

ती गुडघ्यावर बसून फरशीवर हात फिरवत होती.
"काका, ह्याच्या पोटाला डोळा आहे,
खालचं पाहून पाहून तो स्वतःला धरून ठेवतो.
इथं खाली काहीच नाही. नुसती चमक."

चमक माझीच होती.
पाहुणे येणार म्हणून रात्री
दोन मजूर लावून पॉलिश मारून घेतलं होतं.

मी काही बोललो नाही. टेम्पोतून सतरंजी काढली,
लाल-निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यात
हळदीचा डाग, दुसऱ्यात उदबत्तीनं पडलेलं भोक.
बारशाला बसले तिच्यावर लोक, तेरवीला बसले,
निवडणुकीत तर झोपलेही.
तिच्यावरून कोणी उडालं नव्हतं.

परीक्षकांनी नियमांची पुस्तिका उलटीपालटी केली.
फरशीवर रंग नको, खिळे नको.
सतरंजीविषयी पुस्तिका गप्प.
शेवटी ठरलं: अंथरा, पण सगळ्यांसाठी.

कूलर बंद.
ते उठलं, छातीएवढं आलं,
आणि काय सांगू, उभं राहिलं.
पहिलं दार. दुसरं, जरा तिरपं होऊन.
तिसऱ्यात कडेला घासलं, सावरलं.
चौथ्यानंतर त्याचा आवाज जाड झाला,
फैजान पुटपुटला, "बॅटरी,"
आणि ते हळदीच्या डागाजवळ बसून गेलं,
दमलेलं पोर बसते तसं.

पाचवं दार राहिलं.
जिंकले भुवनेश्वरवाले,
माझ्याच सतरंजीवरून, सातही दारं.
मला राग यायला पाहिजे होता का, माहीत नाही.

सायंकाळी ती टेप घेऊन आली.
"काका, पट्ट्याची रुंदी लिहायची आहे, निबंधात."
पस्तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
टेपचं एक टोक मी धरलं, एक तिनं.
सगळे पट्टे सारखे नव्हते.
ती म्हणाली, "म्हणूनच बरं झालं,
सारखे असते तर त्याला
हा पट्टा कोणता नि तो कोणता, कळलं नसतं."

बिलात एक रकाना असते, "कशासाठी".
लग्न, सभा, भागवत लिहितो.
तिथं पेन थोडा वेळ उभं राहिलं.
मग मी लिहिलं, खाली पाहायला,
आणि भाड्याच्या जागी रेघ मारली.

"लावू का आता?" मी बटणापाशी उभा.
तिनं यंत्र कापसात ठेवलं,
डबीचं झाकण लावलं, वरून तळहात दाबला,
मग मान हलवली.
आठही कूलर एकदम सुरू झाले.