अठ्ठाविसावी शीळ

रविवारी सहाला, पारामारिबोच्या मैदानात,
काठ्यांवर पिंजरे टांगले जातात.
माझं काम फळ्यापाशी: शीळ ऐकायची, रेघ मारायची.
पाचवी आडवी.

सुकिमानचा त्वात्वा काळा, मूठभर,
चोच मात्र सुपारी फोडेल अशी.
बसमधून आणतो त्याला, मांडीवर,
वर रुमाल टाकून. बायको म्हणायची,
मला नाही कधी एवढं जपून नेलंस.

त्या दिवशी पाणी बदलताना
कडी नीट लागली नसावी.
सत्तावीस रेघा झाल्या होत्या.
अठ्ठाविसावी शीळ
विजेच्या तारेवरून आली.

कुणी हललं नाही.
शेजारच्या पिंजऱ्यातला, दोन वर्षं न हरलेला,
गप्प झाला, मान वाकडी करून वर बघत राहिला.
तारेवरचा गातच होता.
नदीकडच्या वाऱ्यात शीळ जराशी फाटत होती
आणि माझा हात, सवयीनं,
रेघा ओढत होता.

"बाहेरच्या मोजायच्या नसतात," डेनहार्ट म्हणाला.
नियम मीच लिहिलेत. माहीत आहे मला.

एकेचाळीसला तो उडाला.

सुकिमाननं पिंजरा उतरवला,
वाटीतलं पाणी गवतात ओतलं,
दार लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली.
मग वर रुमाल टाकला
आणि बसच्या थांब्याकडे निघाला.

मला चौदा रेघा पुसायच्या होत्या.
ओलं फडकं हातात वाळेपर्यंत
मी त्या तारेखाली उभा.