एकोणचाळीस फूट

शाब्दिक उदाहरण दिलं की अल्फिया शिकलगार
दिसतील ते आकडे गुणून मोकळी.
"वाचलंस का?"
"वाचलं की सर. दोनदा."
वाचलं होतंच. काना-मात्रेसकट.

शेवटी फळ्यावर सकाळच्या पेपरातली एकच ओळ लिहिली:
राजाराम बंधारा, पाणी एकोणचाळीस फूट.
वर्ग गप्प. अर्धी पोरं सुतारवाड्यातली.
"म्हणजे गॅस माळ्यावर," अल्फिया म्हणाली,
"शेळ्या चुलत्याकडं. दप्तरं आधी, गाद्या मागनं.
आणि त्रेचाळीसची वाट बघायची न्हाई सर,
तवर रस्ता ऱ्हात न्हाई."

यातलं एक अक्षरही फळ्यावर नव्हतं.

मी खडू ठेवला.
म्हटलं, टाकीचं गणित आता असंच वाच.
पाणी येतंय कुठून, जातंय कुठं,
आणि विचारणाऱ्याला नेमकी कसली काळजी आहे.
उत्तर तरीही चुकलं,
पण या खेपेला विचार करून चुकलं.

गुरुवारी स्टाफरूममध्ये इतिहासाच्या शिपुगडे बाई
चहा तसाच निवत ठेवून म्हणाल्या,
"काय शिकवलंयत हो त्या पोरीला?
मी तह सांगत होते. साल, कलमं, सह्या.
तर हात वर करून विचारते,
बाई, मग पाणी कुणाच्या घरात शिरलं?"