पाटीवाचून

मी एवाल्ड प्रिट्झको. वाइसनझेच्या स्टुडिओत
काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं
लोकांची बोलणी लिहायचो.
“मला क्षमा कर, योहाना.” “दुसऱ्या दिवशी, पहाटे.”
“हाय! आता उशीर झाला!”
उद्गारचिन्हाचे वेगळे पैसे मिळत नसत,
तरी ते मन लावून काढायचो,
खालचा ठिपका किंचित डावीकडे,
रडणाऱ्या माणसाचा तोल जातो तसा.

नोव्हेंबरात, पावाला अब्जावधी मार्क पडायचे तेव्हा,
आल्विना माझा पगार
धुण्याच्या टोपलीतून घरी न्यायची तेव्हा,
दिग्दर्शक लोबेनथाल यांनी माझा गठ्ठा परत पाठवला.
बेचाळीस पाट्या. वर चिठ्ठी:
या चित्रपटाला शब्द नकोत.

शब्द नकोत, म्हणजे मी नको.
भांडायलाच गेलो सेटवर.

तिथे एक स्वयंपाकघर. भिंती तीन.
चौथीच्या जागी कॅमेरा, दोन दिवे
आणि श्वास धरून उभी असलेली अठरा माणसं.
नटी बटाटे सोलत होती. खरे बटाटे.
(सुतार कानात म्हणाला, साली मी नेतो, सूप होतं.)
मग ती उठली, फळीवरून दोन पेले काढले,
टेबलावर ठेवले,
घड्याळाकडे पाहिलं नाही,
आणि एक पेला परत फळीवर ठेवला.

माझी एकोणिसावी पाटी होती:
“आज रात्रीही तो येणार नाही.”
तिच्या पहिल्या अक्षराच्या वेलांटीलाच
तीन तास गेले होते माझे.

तोंडात मिठाची गुळणी धरून
निघून आलो.

फेब्रुवारीत तो नॉयकोल्नला लागला,
कोळशाच्या वखारीमागच्या थिएटरात.
ओल्या लोकरीचा वास. बोटं कापलेले हातमोजे घालून
पियानोवाला.
माझ्या मागच्या रांगेत एक जोडपं:
त्याच्या दंडावर पिवळी पट्टी, तीन काळे ठिपके.
डोळे वर्दूनला ठेवून आलेला.
दिवे गेले तसं त्यानं विचारलं, “काय म्हणतायत?”
“अजून काही नाही.”
जरा वेळानं, “आता?”
“पाटीच येत नाही.
पाटीवाचून मी कसं सांगणार, लेबरेख्ट?”

म्हणजे गेली सहा वर्षं माझं अक्षर
या बाईच्या ओठांतून
त्याच्या कानात उतरत होतं,
आणि मला पत्ता नव्हता.

ती गप्प बसली. मग घसा खाकरून हळूच:
“एक बाई आहे. बटाटे सोलतेय.”
“बरं.”
“दोन पेले काढले तिनं.”
“मग?”
“एक परत ठेवला.”
“हं,” तो म्हणाला.
बस्, एवढंच. सबंध पाटी
एका नजरेत वाचून झाल्यासारखं.

मग मात्र तिला सुचत गेलं.
दाराची मूठ हलली असं वाटलं, हलली नाही.
जिन्यावरून कुणाची तरी सावली खाली गेली,
माणूस मागाहून.
पाव कापायचाय, पण सुरी घेऊन नुसती उभी आहे.
असली वाक्यं मी बारा वर्षांत एक लिहिलं नाही.

“आता ती रडतेय,” ती म्हणाली.

मी पडद्याकडेच बघत होतो.
भिंतीएवढा चेहरा. डोळ्यांत टिपूस नाही.
नटी नखात अडकलेली साल काढत होती.

पियानोवाल्याचा एक सूर चुकला, त्यानं तो परत वाजवला.
मी मागे वळलो नाही.

“कधीपासून?” लेबरेख्टनं विचारलं.

पडद्यावर दिवा. टेबल. एक पेला.
मागच्या रांगेत कुणीच काही बोललं नाही,
आणि मी, ज्यानं जन्मभर
हेच केलं, मला
तिथे ठेवायला एक शब्द सापडला नाही.

घरी आल्विना म्हणाली, “कसा होता?”
दारातच उभा राहिलो, टोपी हातात.
टोपलीत आता नोटा नव्हत्या, बटाटे होते.
खणातून दुसरी सुरी काढली
आणि तिच्यासमोर बसलो.