पेटी क्रमांक सात

बोरडोहच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या जागेवर
क्रीडा संग्रहालय उभं राहतंय.
मी सुपरवायझर. खिशात टेप, कानावर पेन्सिल.

छप्पर करवतीच्या दात्यांसारखं,
प्रत्येक दात्याला उत्तरेकडे काच :
उजेड येईल, ऊन येणार नाही.
मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
एवढ्या एका रेघेसाठी मी आर्किटेक्ट बाईंना मनातून हात जोडले.
पायऱ्या कुठेच नाहीत,
बारा फुटांत एक फूट चढणारा रॅम्प,
कारण, त्या म्हणाल्या, खेळाडूचे गुडघे आधी जातात.

पेट्यांची यादी माझ्याकडे.
शंकरपटातल्या जोडीचं जू आलंय,
सुतळी गुंडाळलेली शाळेची हॉकीस्टिक आलीय.
पेटी सातवर नुसतं नाव : हुतूतू.
आत काही नाही.

म्हणून पंचफुला कोवेला बोलावलं.
कॅप्टन, एकोणऐंशी सालची.
काय आणलंत? बाईंनी विचारलं.
तिनं दोन्ही तळवे उलटे करून दाखवले.
"आमच्या खेळात काय रायते जी?
रेघ फक्कीची, थे पुसून जाते.
अन् दम. थो बी जाते."

मग चपला काढल्या, लुगडं खोचलं,
आणि दारातून शिरली ती आत
सेंटरिंगच्या बल्ल्या चुकवत,
जणू सात जणी हात पसरून उभ्या.
हुतूतूतूतू
ओल्या स्लॅबखाली तो आवाज
आमच्याही छातीत घुमला.
अकराव्या पावलाला, रेतीच्या ढिगाजवळ, तुटला.
गुडघ्यावर हात ठेवून ती हसली, खोकली,
पुन्हा हसली.

बाईंनी तिथं खडूनं फुली मारली.
नकाशावर पेटी सात खोडली,
काच खोडली, फरशी खोडली,
मधली भिंतसुद्धा, जिच्या विटा मी कालच रचून घेतल्या होत्या.
"दारापासून फुलीपर्यंत माती राहू द्या.
बाकी काही नको."

आता बिल लिहिताना ठेकेदार विचारतो,
रिकाम्या जागेचा दर काय लावू?

संध्याकाळी मोजायला गेलो.
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.
पावलं टाकत निघालो,
ओठ कधी हलायला लागले कळलं नाही.
सातव्यालाच संपलो.
फुली अजून चार पावलं लांब.