पुढचं नाम

उद्यमबागेच्या मागल्या गल्लीत
पिठाच्या गिरणीवर माझा इंग्रजीचा क्लास.
जिन्यात पांढरं पीठ, खिडकीत फौंड्रीची काळी धूळ,
फळ्यावर दोन्ही येऊन बसतात.

आज घेतलं : नामाचं विशेषण.
स्टोन वॉल.
दगड नाम, भिंतही नाम,
पण दगड पुढं येऊन उभा राहिला
की कसली भिंत, तेवढंच सांगायला उरतो.
आपण म्हणतो दगडाची भिंत.
आधी दगडाला वाकवून दगडा करतो,
मग भिंतीकडं बघून ची लावतो.
कुंपण असतं तर चं लावलं असतं.
इंग्रजीला एवढी उसाभर नाही.
ती नुसतं शेजारी उभं करते,
रेशनच्या रांगेत दोन अनोळखी माणसं उभी असावीत तसं.

आणि लक्षात ठेवा, पुढचा शब्द अनेकवचनात जात नाही.
शू शॉप. आत हजार जोड असूदेत,
पाटीवर एकच बूट.

'मग सर, बॉर्डर व्हिलेजेस?' लुमाण्णानं विचारलं.
'गावं कितीबी असली तरी बॉर्डर एकच काय ओ?'
एकच, म्हटलं.
पोरं हसली.
मीही हसलो, आणि फळा पुसायला वळलो
तो जरा जास्तच वेळ पुसत राहिलो.

सट्टुप्पा किणयेकर हसला नाही.
(किणयेत आता त्यांचं घरही नाही,
गाव तेवढं विशेषण होऊन मागं लागलेलं.)
बाप फौंड्रीत, पोरगा शेवटच्या बाकावर,
पुढ्यात कॉलेजचा फॉर्म.
'सर, मदर टंगमध्ये विशेषण कुठलं?'
मदर.
'म्हणजे आई हितं नाम नाही?'
नाही. कसली जीभ, तेवढं सांगते.

तो पेनाचं टोपण चावत बसला.
मग खालच्या आवाजात म्हणाला,
'दहावीच्या फॉर्मात बाबांनी मराठी लिवलंय.
आई गोकाकची.
रात्री दार उघडताना विचारते, ऊट आतेन?
मी म्हणतो, नाही, वाढ की.
तेवढंच बोलतो आम्ही, पण रोज बोलतो.'

खाली गिरणी सुरू झाली. बाकं थरथरायला लागली.
मला नियम सांगायचा होता,
फळ्यावर लिहिलं मात्र मराठीत : आईची भाषा.
लिहिल्यावर दिसलं,
दगडाचा दगडा झाला होता,
आईला ची लागला तरी आई आईच आहे.
वीस वर्षं शिकवतोय,
हे कधी बघितलंच नव्हतं.

सांगावं म्हणून वळलो
तर तो फॉर्मची घडी घालत होता.
रकाना कोराच.
'घरी विचारून भरतो,' म्हणाला.
कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.