चाळीसनंतर साठ

डोकं मिळालं मिरजेत, सतारमेकर गल्लीत.
बाबालालचाचांच्या माळ्यावर पडून होता भोपळा,
एका अंगानं चेपका, म्हणून सतारीला नापास.
"न्या बाई," म्हणाले, "तुमच्या यंत्रमानवाला चालंल.
त्याला कुठं गायचंय?"
धड म्हणजे तेलाचे दोन डबे,
हात वॉशिंग मशीनच्या पाइपांचे,
आणि आत त्यांचाच नातू, तौफिक, सहावी ब,
गणितात लागोपाठ दोनदा भोपळा.

नाव ठेवलं तेरा नंबर.
नोकरी सांगलीत, हळदीच्या वखारीच्या दारात.
आत गेलेली पोती मोजायची.
चुकायचं नाही, दमायचं नाही, चहा मागायचा नाही.

पहिल्या खर्ड्यात मी वखारीला आग लावली.
तेरा नंबर धुरात शिरतो,
दिवाणजीचं पोर खांद्यावर टाकून बाहेर येतो, पडदा.
रेणुका पेन्सिल चावत म्हणाली,
"पण बाई, ते त्याच्यात भरलेलंच असणार की.
बटण दाबलं की वाचवणार.
त्यात त्याचं काय?"

दुसऱ्या खर्ड्यात मी त्याला मारला.
छातीतला दिवा मिणमिणतो, शेवटचे शब्द, पेटी.
"बंद पडला," पोरं म्हणाली.
"आमचा मिक्सर पण पडतो."

तिसरा रात्री दीडला, ओट्याशी उभ्यानं.
बिरू हमाल कुठून आला, ठाऊक नाही.
गुडघा सुजलेला, साठ पोत्यांचा बोलीचा रोज,
आणि चाळिसाव्याला तो खालीच बसला.
आग नाही, खलनायक नाही.
एक दिवाणजी, त्याची वही,
आणि दारात एक मोजणारा.

प्रयोगाला मी विंगेत, बोट ओळीवर.
"अडतीस."
"एकोणचाळीस."
"चाळीस."
बिरू बसला.
आणि तौफिक गप्प.

एवढं गप्प मी लिहिलं नव्हतं.
माझ्या ओठांवर आलेला 'साठ' मी गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला.
भोपळ्यात त्याचा श्वास घुमत होता,
पार मागच्या खुर्च्यांपर्यंत.
वाटलं, विसरलं पोरगं.
मग वाटलं, नाही, हा मोजतोय,
पण पोती नाही.
कानाशी हुकूम, डोळ्यांसमोर गुडघा,
आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर मोकळी जागा,
जी कुठल्याही कारखान्यात कुणी मुद्दाम ठेवत नाही.
तिथं उभा होता तो, डब्यांच्या आत घामाघूम.

दिवाणजी (सातवी अ) घाबरला,
पदरची ओळ घालून मोकळा झाला,
"अरे, किती झाली?"

"साठ."

तिसऱ्या रांगेत
मार्केट यार्डातून थेट आलेला रेणुकाचा बाप,
कानाच्या पाळ्या अजून पिवळ्या,
पुटपुटला, "बरोबर हाय."
कौतुकानं नव्हे. हिशेब पटल्यासारखा.

पुढं नाटकात काहीच होत नाही.
बिरू पैसे मोजून घेतो,
त्यालाही वाटतं, उचलली असतील आपणच, तापाच्या भरात.
तेरा नंबरला कुणी हार घालत नाही.
सकाळ होते, तो दारातच,
म्हणतो, "एक."

परीक्षकांचा शेरा: शेवट ठसत नाही.
उत्तेजनार्थ, एकशे एक रुपये, पोरांनी त्याची भडंग खाल्ली.

भोपळा परत द्यायला गेले.
डोळ्यांची दोन भोकं, कपाळाला हळद,
मला जरा ओशाळल्यासारखं झालं.
चाचांनी टिचकी मारली,
कान लावून बराच वेळ ऐकत बसले,
काय ऐकलं ते सांगितलं नाही.

आता तो दुकानाच्या दारात टांगलाय.
गिऱ्हाईक विचारतं, हा कितीला?
"विकायचा नाही,"
चाचा खुंटी पिळता पिळता म्हणतात,
"त्याला मोजता येत नाही."